चाकावरचे घर बघायला गेलो तेव्हा

वाचकहो, घर बघायला माणसे जातात, जमीन बघायला जातात. आम्ही दोघे मात्र २०२४ चा पावसाळा सरल्यावर चक्क चाकावरचे घर बघायला रत्नागिरीला गेलो. १९९६ सालची मॅटॅडोर. आत दोन लांब बाके, रात्री त्यांचेच पलंग होतात. एका बाजूला छोटा ओटा, त्याखाली पाण्याची टाकी, मागच्या कोपऱ्यात पडद्याआड संडासाची सोय. अशा गाडीला हल्ली मोटरहोम म्हणतात. आईने ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे बिऱ्हाडाची गाडीच की!" तेव्हापासून आमच्या घरात तिचे नाव बिऱ्हाडगाडी पडले.

एवढी हौस आम्हाला कुठून सुचली, ते आधी सांगितले पाहिजे. आम्ही दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. मुले मुंबईला. आईचे वय ऐंशीच्या घरात, गुडघे धरलेले. तिला महाड पुन्हा एकदा बघायचे आहे, वेरूळ-अजिंठा बघायचा आहे, नागपूरला जायचे आहे. पण प्रवास म्हटला की तिचा पहिला प्रश्न एकच, "वाटेत बसायची सोय कुठं?" बायामाणसांचा हा प्रश्न पुरुषांच्या लवकर ध्यानात येत नाही. आई प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करते. त्याने तिला एकदा चक्कर येऊन पडायची पाळी आली होती.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. आई आजही घरून निघताना पाण्याचा कॅन बरोबर घेते. बाटलीबंद पाणी जागोजाग मिळते हे तिला सांगून झाले. ती म्हणते, "असू दे. रस्त्यात कुणाकडं मागायला नको." ही सवय तिला तिच्या सासूने लावली. १९०१ साली मसूर स्टेशनवरून बैलगाडीने निघालेल्या लहानग्या भीमरावांना आणि त्यांच्या बरोबरच्या मुलांना रात्रभर पाणी मिळाले नव्हते, हे आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे. तो काळ गेला. कॅन मात्र राहिला. आपले पाणी, आपली चूल आणि आपले अंथरूण आपल्याबरोबर चालणार, या एका कल्पनेने आई हरखली होती. आमची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम बँकेत होती. गाडीचे मालक सव्वातीन लाख मागत होते.

सकाळी साडेनऊला आम्ही रत्नागिरीत उतरलो. आम्ही दोघे, आई आणि चिपळूणची आमची ताई. गाडी थिबा पॅलेसच्या बाजूच्या एका आवारात उभी होती. मिस्त्री यायला अवकाश होता, म्हणून आईला राजवाडा दाखवला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा त्याच्यासाठी १९१० साली बांधून झाला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षे तो रत्नागिरीत राहिला, पण मायदेशाची वाट त्याला पुन्हा मिळाली नाही. आईने त्या लांबलचक वाड्याकडे बघितले आणि म्हणाली, "एवढं मोठं घर, पण हलायची चोरी." आम्हाला वाटले, शुभशकुनच झाला. आपले घर छोटे असेल, पण त्याला चाके असतील.

मिस्त्री आले. हे आमचे जुने विद्यार्थी, आता मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे गॅरेजमध्ये काम करतात. त्यांनी पिशवीतून एक जुनी चादर, बॅटरी, लोहचुंबक, पेचकस आणि पांढरे फडके काढले. आम्ही गाडीचे दार उघडायला पुढे झालो, तर ते म्हणाले, "गुरुजी, बाई, आधी आत जाऊ नका. आत गेलात की गाडी आवडणार. आवडली की खालचं काय दिसणार नाय. आधी खाली बघू."

वाचकहो, आमच्या त्या दिवसाचे सार या एका बोलण्यात आहे. पण ते आम्हाला पटायला संध्याकाळ झाली.

चादर अंथरून मिस्त्री गाडीखाली सरकले. कोकणातल्या गाडीची अर्धी परीक्षा खाली असते. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याची ओली माती यांच्यामुळे पत्रा खालून कुजतो. वरून रंग चकचकीत दिसतो. या गाडीच्या पोटाला काळे तेल फासले होते. तसे इथे सगळेच पावसाळ्यापूर्वी करतात, त्यात लबाडी नाही. पण तेलाखाली काय आहे ते पेचकसाने टोचून बघावे लागते. मिस्त्री एकेका आडव्या बारवर पेचकसाची मूठ ठोकत गेले. धड लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. तीन ठिकाणी बद्द आवाज आला. एका ठिकाणी पेचकस आत गेला.

मग चुंबक. दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानींवर, पायरीपाशी त्यांनी चुंबक लावून पाहिले. जिथे पत्रा आहे तिथे चुंबक धरतो. जिथे पत्रा खाऊन गेला आणि लांबी भरून वर रंग मारला आहे तिथे तो घसरून पडतो. डाव्या बाजूला तो दोनदा पडला. आई खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, "मडकं घेताना आपण वाजवून घेतो, तसंच की हे."

टायरची नक्षी छान खोल होती. आम्ही तसे बोलून दाखवले. मिस्त्रींनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे २३१४ होते. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झालेला टायर. गाडी उभीच असल्याने नक्षी झिजली नाही, पण रबर दहा वर्षांचे झाले होते. वाकून पाहिले तर बारीक भेगा होत्या. चारी टायर नवे घ्यायचे, हा पहिला खर्च आमच्या वहीत लिहिला.

मॅटॅडोरचे इंजिन पुढे दोन आसनांच्या मध्ये झाकणाखाली असते. मिस्त्रींनी आधी त्याला हात लावून पाहिला. थंडगार होते. "हे बरं झालं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलं असलं, तर थंड गाडी कशी उठते ते कळत नाय." तेलाची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल काळे होते, म्हणजे डिझेल गाडीचे असते तसे. चहासारखे दुधाळ असते तर तेलात पाणी उतरले असे समजायचे. गाडी तिसऱ्या फेऱ्याला सुरू झाली. थोडा पांढरा धूर आला आणि गेला. निळा धूर राहिला असता तर इंजिन तेल खाते असे समजले असते. इंजिन बरे होते. आमचा जीव भांड्यात पडला.

आता आत गेलो. आणि मिस्त्री म्हणाले होते तसेच झाले. गाडी आवडली. ओट्याला स्वच्छ स्टीलचा पत्रा होता, खिडक्यांना निळे पडदे, बाकांना नवे रेक्झिन. आईने बाकावर मांडी घालून पाहिली. ताईने कपाटे उघडून पाहिली. मालक मोकळ्या मनाचे गृहस्थ होते. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा आपणही पर्यटकांना अशी गाडी भाड्याने द्यावी असे त्यांच्या मनात आले. त्यांनी जुनी गाडी घेतली, आतले सुतारकाम हौसेने करून घेतले. पुढे धंदा उभा राहिला नाही. गाडी आवारात उभी राहिली.

मिस्त्रींनी टपावर दोन बादल्या पाणी ओतायला सांगितले आणि पंधरा मिनिटे थांबवले. मागच्या खिडकीच्या कोपऱ्यातून प्लायवूडवर ओल उतरली. गॅसची शेगडी पाहिली. सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवला होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवेच. इथे ते नव्हते, आणि त्याच खणातून बॅटरीची वायर गेली होती. हे ऐकून आमच्या अंगावर काटा आला, पण हे दुरुस्त होण्यासारखे होते. वहीत लिहिले.

दुपारी गाडी रस्त्यावर काढली. शिरगाव, बसणी, काळबादेवी करत आरे-वारेकडे. हा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा तरी पाहावा. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. वळण घेऊन वर चढले की किनाऱ्याची पांढरी रेघ दिसते. गाडीच्या परीक्षेलाही हा रस्ता चांगला. चढावर गाडीने दुसऱ्या गिअरात कुरकुर न करता आम्हाला वर नेले. उतारावर मात्र ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढत होती, आणि स्टेअरिंग चार बोटे फिरवले तरी चाकाला कळत नव्हते. मिस्त्री काही बोलले नाहीत. गाडी सावकाश वरच्या सपाटीवर आणून त्यांनी उभी केली.

तिथे आम्ही चहा केला. सिलिंडर बाहेर काढून, उघड्यावर ठेवून. आईने गाडीच्या दारात बसून समुद्राकडे बघत कप हातात घेतला. थोड्या वेळाने ती पडद्याआड जाऊन आली. कुणाला विचारावे लागले नाही, कुठे आडोसा शोधावा लागला नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. आमची दोघांची नजरानजर झाली. सव्वातीन लाख अधिक दुरुस्ती, असे मनातल्या मनात ठरूनही गेले.

मिस्त्रींना मात्र एक गोष्ट खटकत होती. मागच्या खिडकीखाली प्लायवूड फुगले होते, त्याच्या आत पत्रा कसा आहे ते त्यांना बघायचे होते. मालकांची परवानगी घेऊन त्यांनी बाकामागची फळी चार स्क्रू काढून सैल केली. आत बॅटरी मारली. पत्र्याच्या खोबणीत तपकिरी माती थराने बसली होती. सुकून तिला तडे गेले होते. मिस्त्री म्हणाले, "रस्त्याची धूळ असेल."

ताईने हात घालून थोडी माती काढली. दोन बोटांत चोळली. नाकाशी नेली. आणि ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "ही धूळ नाय. हा पुराचा गाळ. महिनाभर भिंती खरवडल्यात मी. मला ओळखू येणार नाय होय?"

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले त्या दिवशी ताईचे घर खालच्या मजल्यासकट गेले. शाळेचे दाखले, शिवणयंत्र, मुलीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी, सगळे गेले. त्या दिवशी चिपळूणच्या एसटी आगाराच्या व्यवस्थापकांनी आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासनतास काढले, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. जिथे बस बुडाली तिथे मॅटॅडोरचे काय! शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढे त्यातल्या कित्येक धुऊन, रंगवून पुन्हा रस्त्यावर आल्या.

मिस्त्रींनी मग भराभरा पाहिले. दुसऱ्या बाजूची फळी काढली, तिथेही गाळ. पुढच्या दिव्याच्या काचेच्या आत पाण्याची रेघ. सीटखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा गंज. वरून पडलेली धूळ कडेवर बसते, पण बंद पोकळीत थराने माती बसायची तर ती पाण्याबरोबरच यावी लागते, हे त्यांनी समजावून सांगितले. गाळाची रेघ बाकापेक्षा वीतभर वर होती. आई जिथे मांडी घालून बसली होती, त्याच्याही वर.

मालकांना आम्ही सरळ विचारले. ते खाली बघून म्हणाले, "चिपळुणातूनच घेतली होती. पण इंजिन खोलून साफ केलं होतं. आणि पूर लागला का, असं आजवर कुणी विचारलंच नाही." नंबर एमएच-०८. हा साऱ्या रत्नागिरी जिल्ह्याचा नंबर, त्यामुळे गाडी चिपळूणची की रत्नागिरीची हे पाटीवरून कळत नाही. त्यांच्या फायलीत विम्याचा जुना कागद निघाला, २०२० सालचा. त्यावर आधीच्या मालकाचा पत्ता चिपळूणचा होता. तो कागद आम्ही सकाळीच पाहायला हवा होता. आम्ही पडदे पाहिले.

मग आरसी नीट वाचली. तिच्यावर गाडीचा प्रकार मालवाहू व्हॅन असा होता. आत पलंग, शेगडी, पाणी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरी न घेता गाडीत असे मूळचे बदल करता येत नाहीत. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन म्हणून आरटीओत तपासणी होऊन आरसीवर नोंद व्हायला हवी. नोंद नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी. शिवाय पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढले. मालक तिला कौतुकाने 'व्हिंटेज' म्हणत होते. पण २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी, आणि तीही रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आपल्यापुढची गाडी नुसती जुनी होती.

मालकांनी किंमत दोन लाखांवर आणली. मग पावणेदोनवर. खरे सांगतो, आम्ही घुटमळलो. आईचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्यांनी आम्हाला चहा-पोहे दिले होते, दिवसभर गाडी दिली होती. आता नाही म्हणायचे म्हणजे उपकार विसरल्यासारखे वाटत होते. आपल्यातल्या पुष्कळ माणसांचे असे होते. दुकानात दोन साड्या उलगडून दाखवल्या की तिसरी न घेता उठायची आपल्याला लाज वाटते. विचारले तर समोरच्याला राग येईल, वाकून बघितले तर तो काय म्हणेल, या भिडेपायी आयुष्यभराची पुंजी आपण डोळे मिटून देतो.

भीड मोडली ती आईने. ती मालकांना शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमचं घर चांगलं आहे. पण त्याचा पाया पाण्यात गेलाय. मी म्हातारी, मला त्यात झोप यायची नाही." मालकही समजूतदार. म्हणाले, "आजी, तुमचं बरोबर आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला मी आधीच सांगेन." मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. जाताना म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच शिकवलं होतं, गणित सोडवलं की ताळा करून बघायचा."

बिऱ्हाडगाडी नव्हे, तर कुठलीही जुनी गाडी घेणाऱ्या आपल्या वाचकांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. ओळखीचा मिस्त्री आपल्या खर्चाने न्यावा, विकणाऱ्याचा नको. आधी कागद, मग खालची बाजू, मग इंजिन, आणि आतली सजावट सर्वांत शेवटी बघावी. चेसीवरचा आणि इंजिनावरचा नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवावा. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सही करून घ्यावेत. राहायची गाडी असेल तर टाकी भरून, सामान ठेवून वजनकाट्यावर न्यावी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि आरसीवर लिहिलेल्या वजनापलीकडे ब्रेक आपले ऐकत नाहीत. आणि "ही गाडी पुरात होती का?" हे तोंडाने, स्पष्ट, साक्षीदारासमोर विचारावे.

रात्रीच्या एसटीने परतलो. ताई खिडकीशी बसली होती. हातखंब्याला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "तो गाळ हातावरनं जाईना." तिने दोनदा हात धुतले होते. आईने आपला कॅन पुढे केला. ताईने पुन्हा एकदा खिडकीबाहेर हात धुतले.

गाडीचा शोध चालू आहे. महाडला आम्ही पुढच्या महिन्यात भाड्याच्या जीपने जाऊन आलो. आईसाठी वाटेतल्या दोन ओळखीच्या घरी आधी फोन करून ठेवला होता. परवा लांज्याच्या एका गृहस्थांनी कळवले की त्यांच्या माहितीत एक जुनी गाडी आहे, आतून अगदी बंगल्यासारखी. आम्ही आईला सांगितले. तिने निवडत असलेले तांदूळ बाजूला केले आणि विचारले, "आतलं राहू दे. चादर कुठली नेताय अंथरायला?"